दाजींच्या गाडीची अमावस्या

आमच्या दाजींची गाडी अमावस्येला जागची हालत न्हाई, हे आजूबाजूच्या पाच गावांला ठाऊक हाय. सरपंच येऊ द्या न्हाईतर खुद्द व्याही येऊ द्या, त्या दिवशी गाडी मागायची सोय न्हाई. आन् ह्या माघातल्या अमावस्येला तीच गाडी माझ्या पोरीसाठी रस्त्यावर आली. ती काहून आली हे सांगायचं म्हणजे मला माझी अब्रू माझ्याच हातानं वेशीला टांगावी लागती. टांगतो. माझी चूक हाय तर मीच सांगितलेली बरी, न्हाईतर अक्का सांगती आन् चांगलं तिखटमीठ लावून सांगती.

मी कल्याण. कुंभार पिंपळगावात माझं खता-बियाण्याचं दुकान हाय. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण साळूबाई. अंबडच्या अलीकडं रस्त्याला लागून जे मोसंबीच्या बागांचं गाव हाय, तिथं तिला दिलेली. दाजी म्हणजे तिचे मालक, नाव कारभारी. घरचा कारभार मातर सगळा अक्काच्या हातात. दाजींच्या हातात दोनच गोष्टी, एक मोसंबीची बाग आन् दुसरी गाडी.

आन् माझी पोरगी म्हणजे तृप्ती. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं झाली, रोज दिवस उगवायच्या आत रस्त्यानं पळती. गेल्या खेपेला दोन मार्कानं हुकली. ह्या खेपेला तिनं मला सांगितल्तं, "पप्पा, ही शेवटची. न्हाई झालं तर तुमी म्हणाल त्या पोरासमोर पोह्याची ताटली घेऊन बसते." बोलली हसून, पण मी बाप हाय, त्यातलं हसू किती खरं ते मला कळलं. तिची मैदानी चाचणी जालन्याला होती, सकाळी साडेआठच्या आत हजर. एक मिनिट उशीर झाला तर फाटक बंद, मंग कोनाचं काही चालत न्हाई. आन् तारीख आली ती नेमकी अमावस्येची.

आता दाजी कसा मानूस हाय ते आधी ऐका. वय बासष्ट, अंगानं काटकुळे, शिक्षण चौथी. बोलनं इतकं कमी की दुकानात येऊन एखादी गोष्ट इचारायला लागले तर तोवर माझी दोन गिऱ्हाइकं होऊन जातेत. सहा वर्षांमागपर्यंत त्यांच्या दावणीला हौश्या आन् चांद्या अशी बैलजोडी होती. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरनं औत बंद करायला लावलं. जोडी बाजारात न्यायला ते तयार न्हवते. ज्या शेतकऱ्याला द्यायची त्याच्या गोठ्यावर तीन चकरा मारल्या, गव्हाण बघितली, त्याची बायको बैलांला नावानं हाक मारती का ते बघितलं, आन् मंगच कासरा हातात दिला. सोयरीक करताना माझ्या बापानं एवढी चौकशी केली न्हवती, असं अक्का अजून म्हणती.

गोठा रिकामा झाला तसे दाजी सुकायला लागले. मंग त्यांच्या पोरानं, सुमितनं, पुण्याहून येऊन एक जुनी पांढरी छोटी गाडी घेऊन दिली. दहा वर्षं वापरलेली, एका मास्तराची. दाजी छप्पन्नाव्या वर्षी गाडी शिकले. शिकवनारा पोरगा रोज संध्याकाळी देवाला हात जोडून घरी जायचा. पण शिकले. आन् गाडी लावली कुठं, तर सरळ गोठ्यात, चांद्याच्या जागी. मी म्हणलं, दाजी, आता तिचं एखादं नाव ठेवा. तर म्हणले, लोखंडाला नाव कशाला, हाक मारली तर येनार हाय का?

नाव न्हाई ठेवलं, पण बाकी सगळं बैलासारखं चालू केलं. सकाळी उठलं की आधी गोठ्यात जाऊन गाडीखाली वाकून बघायचं, रात्रीतून काही सांडलं का. लांबून आली की तिला दहा मिनिटं सावलीत निवू द्यायची, मंगच पाण्याचा हात लावायचा, कारण घामेजलेल्या बैलावर कोनी थंड पाणी ओतत न्हाई. आन् अमावस्येला आमच्या भागात कोनी औत धरत न्हाई, तर दाजी गाडीबी काढत न्हाईत. लोक हसले. मी तर सगळ्यात जास्त हसलो. मेव्हणा हाय मी, दाजींवर हसायचा माझा हक्कच हाय.

पहिल्या पोळ्याला तर कहर केला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतेत, म्हणजे वर्षभर ज्या खांद्यानं ओढलं तो खांदा हळद-तुपानं मळायचा आन् बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवनाचं आवतण द्यायचं. गोठ्यात बैल न्हाईत, दाजींच्या जिवाला चैन पडंना. त्यांनी बोनेट उघडलं आन् गाडीचा खांदा कोनता म्हणून इचार करत बसले. इंजिनाच्या बाजूला एक काळा पट्टा गरगर फिरतो, तो सकाळी सुरू करताना चीं चीं करायचा. जो ओढतो आन् कुरकुर करतो तोच खांदा, असा हिशेब लावून दाजींनी त्या पट्ट्याला वाटीभर कोमट तूप आन् हळद चोळली. चांगली, हातानं, दोन्ही बाजूंनी.

पोळा अमावस्येलाच असतो, पण मिरवणं म्हणजे काम न्हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी वेशीतल्या तोरणाखालून बैलांच्या मागं मिरवली. गाव पोट धरधरून हसलं. तिसऱ्या दिवशी दाजी पिंपळगावला निघाले तर पट्टा तुपानं घसराया लागला, बॅटरीचा दिवा लागला आन् गाडी माळावर बसली. ट्रॅक्टरला बांधून ती पिंपळगावात कमरोद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. मी तिथंच होतो. कमरोद्दीननं बोनेट उघडलं, नाक आत घातलं आन् मागं वळून म्हणला, "काय कारभारीमामू, इंजनात शिरा करून राह्यले का?"

मी हसून हसून टायरावर बसलो. पण दाजींनी शांतपणे सगळं सांगितलं, खांदेमळणी, पट्टा, तूप. कमरोद्दीन ऐकता ऐकता हसायचा थांबला. त्यानं दाजींला स्टूल दिलं आन् म्हणला, मामू, तुमचा हात बराबर हाय, फकस्त जागा चुकली. मंग त्या मानसानं अख्खा दिवस घालवला दाजींसाठी. तेलाची कांडी कशी पुसून बघायची, गार इंजिनात पाणी कुठवर पाहिजे, ब्रेकचं तेल कुठं असतं, बॅटरीच्या टोकांवरली पांढरी बुरशी कशी काढायची, पट्टा अंगठ्यानं दाबला तर किती दबावा, चाकात हवा किती. दाजींनी कशाचाबी कागद केला न्हाई. बैलाचं आंग चाचपल्यागत एकेका जागेला हात लावून बघितला आन् तसाच ध्यानात ठेवला.

तवापासून दर अमावस्येला गोठ्यात गोणपाट अंथरायचं, त्यावर पाने मांडायचे आन् हाताखालून सगळी गाडी घालायची. तेल बदलायची पाळी आली की आधी फोन करून कमरोद्दीनकडं. कमरोद्दीन मला नेहमी ऐकवायचा, "कल्याणशेठ, लोक माझ्याकडं मेलेली गाडी आणतेत. मामू जिती आणतेत." मी आपला ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचो.

कारण माझी गाडी! चार वर्षांची, काळी, चकचकीत. पुढं पितळी गणपती, मागच्या काचेवर तृप्तीचं नाव, आन् आत असा साऊंड की गाणं लावलं तर शेजारच्या हाटेलात कपातला चहा हालतो. रोज सकाळी पाइप लावून धुतो, कपड्यानं पुसतो. बोनेट मातर सगळं मिळून दोनदा उघडलं असंल, एकदा पूजेला आन् एकदा उंदीर शिरला म्हणून. सुरुवातीच्या फुकटच्या सर्व्हिसिंगा केल्या, फुकट संपलं तसा माझाबी उत्साह संपला. फोनवर आठवणीचे मेसेज यायचे ते मी पुसून टाकायचो. चालती हाय ना बराबर, मंग कशाला उगं उकरायचं, असं माझं मत.

दाजींवर माझा रागबी होता, तो सांगितला पाहिजे. परारच्या साली आमच्या चुलतभावाच्या पोराचा साखरपुडा होता, पार तिकडं भोकरदनकडं, धावड्याला. पाव्हणे जास्त झाले आन् एक गाडी कमी पडली. मी दाजींला फोन केला. त्यांनी इचारलं, तारीख काय? तारीख सांगितली. ते म्हणले, अमावस्या हाय. बस, फोन ठेवला! भर मंडपात माझं तोंड पडलं. मी दोन महिने त्यांच्या दारात गेलो न्हाई. पुढं अक्कानं रडून-भांडून बोलणं सुरू करून दिलं, पण मनात ते राह्यलंच. म्हणून तृप्तीच्या चाचणीची तारीख अमावस्येला आली तेव्हा मी दाजींला इचारलंसुदिक न्हाई. माझी गाडी काय मेली का, म्हणलं.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दाजी बागेसाठी औषध घ्यायला दुकानात आल्ते. माझी गाडी दुकानासमोर उभी. औषध राह्यलं बाजूला, दाजी गाडीपुढं उकिडवे बसले. जमिनीवर चार हिरवट थेंब होते, त्यांनी बोटानं पुसून बघितले. मला म्हणले, रेडिएटरचं पाणी गळून राह्यलं, कमरोद्दीनला दाखव. गिऱ्हाइकांसमोर मला ते लागलं. मी म्हणलं, दाजी, मोठ्या गाड्यांला एसी असतो, एसीचं पाणी पडतं ते, तुमच्या गाडीला न्हाई म्हणून तुमाला ठाऊक न्हाई. दाजींनी माझ्याकडं बघितलं आन् इचारलं, "एवढ्या थंडीत एसी लावतोस?" दुकानातली सगळी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागातच मी गाडी दाखवायची न्हाई असं ठरवलं. बघा कसं डोकं असतं मानसाचं.

आन् आता सगळ्यात लाजेची गोष्ट. चाचणीच्या चार दिवस आधी माझ्या गाडीत, स्टेअरिंगच्या मागं, एक लाल दिवा लुकलुकाया लागला. मी दोन बुक्क्या मारल्या, गेला. परत लागला. गाणं लावलं तरी डोळा तिकडंच जायचा. आमच्या सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, टिकल्या काढून दिसंल तिथं चिकटवायची सवय हाय, आरशाला, न्हाणीच्या दाराला, गाडीतबी. मी त्यातली एक मोठी मेंदी रंगाची टिकली उचलली आन् त्या दिव्यावर लावली. बराबर बसली. दिवा दिसायचा बंद झाला आन् मला वाटलं, चला, काम झालं.

अमावस्येच्या दिवशी सहाला आम्ही बापलेक निघालो. सुरेखानं दह्याची कवडी हातावर ठेवली, डब्यात केळी आन् भिजवलेले शेंगदाणे दिले. तृप्ती बूट मांडीवर घेऊन बसली होती. घनसावंगी मागं टाकली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. जरा पुढं गेलो तर गूळ कढल्यासारखा गोड वास यायला लागला. मी म्हणलं, घे वास घे, कुठंतरी गुऱ्हाळ पेटलंय, येताना काकवी घेऊ.

तृप्तीनं काच खाली केली, इकडं तिकडं बघितलं आन् म्हणली, "पप्पा, इथं सगळा हरभरा हाय. गुऱ्हाळ कुठंय?"

ती बोलती न बोलती तोच बोनेटच्या फटीतून त्याच गोड वासाची वाफ निघाली, अशी की समोरचं दिसंना. गाडीनं दोन आचके दिले आन् रस्त्याच्या कडेला बंद पडली. मी चावी फिरवून राह्यलो, गाडी नुसती कण्हून राह्यली. तृप्तीची नजर दिव्यांवर गेली. तिनं नखानं ती टिकली काढली. खाली लाल दिवा लालबुंद पेटला होता.

"ही मम्मीची टिकली ना?" तिनं इचारलं.

मी मान हालवली. तिनं मला एकबी उणा शब्द ऐकवला न्हाई. टिकली बोटावर होती ती सवयीनं सोताच्या कपाळाला लावली आन् खाली उतरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पावणेसात झाले होते. अंबडची एसटी साडेसातच्या आत येनार न्हाई. दुधाचा एक टेम्पो आला, तो घनसावंगीकडं चाललेला. उसाच्या ट्रॉल्यांत बसून साडेआठला जालना गाठायचं म्हणजे सपनातच. मी लोकांला हात करून राह्यलो, कोनी थांबंना. दोन वर्षं रोज थंडी-वाऱ्याची पळनारी माझी पोर रस्त्याच्या कडेला उभी, आन् तिला तिथं आणून उभी करनारा मी.

शेवटी अक्काला फोन लावला. दाजींचं गाव तिथून दहा-अकरा किलोमीटर. अक्कानं ऐकलं आन् रडवेल्या आवाजात म्हणली, "अरे, आज अमावस्या हाय. ते चाक काढून बसलेत." मी म्हणलं, अक्का, माझं सोड, तृप्तीची शेवटची खेप हाय. फोनमधी काहीतरी खडखडलं, पाना खाली पडल्यासारखं. मंग दाजींचा आवाज आला. कुठं थांबला म्हणून इचारलं, मी जागा सांगितली. ते म्हणले, "रेडिएटरचं झाकण उघडू नको, भाजशील." आन् फोन बंद.

येतो म्हणले न्हाईत, येत न्हाई म्हणले न्हाईत. धावड्याच्या वक्ताला असाच फोन ठेवला होता. मी तृप्तीला काय सांगू? तिनं बूट चढवले, नाड्या आवळल्या आन् रस्त्यावरच हातपाय ताणायला लागली. म्हणली, सव्वासातपर्यंत वाट बघते, न्हाईतर अंबडपर्यंत पळत जाते, तिथून काही ना काही मिळंल. मला हसू येना आन् रडूबी येना. मी नुसता रस्त्याकडं बघत बसलो.

पंचवीस मिनिटं. घड्याळ मी बघितलं न्हाई, तृप्तीनं बघितलं. अंबडच्या बाजूनं चढावर ती पांढरी गाडी दिसली. रस्त्यावर मागं-पुढं चिटपाखरू न्हाई, तरी दाजींनी बराबर इंडिकेटर दिला, गाडी वळवली आन् आमच्यापुढं उभी केली. कोपरापर्यंत हात काळे, सदऱ्याला ग्रीस, डोक्यावर टोपी न्हाई. बिनटोपीचे दाजी मी लगनानंतर पहिल्यांदा बघितले. त्यांनी माझ्या गाडीकडं बघितलंसुदिक न्हाई. तृप्तीसाठी पुढचं दार उघडलं आन् म्हणले, बस पोरी.

मी मागं बसलो. जालन्यापर्यंत तोच रस्ता, तेच ट्रॉल्यांचे तांडे. मी एकदा म्हणलं, दाजी, जरा जल्दी. त्यांनी वेग वाढवला न्हाई आन् कमीबी केला न्हाई. अंबडच्या पुढं एक ट्रॉली कसलाच इशारा न देता एकदम आडवी वळली. मी पुढची सीट घट्ट धरली. दाजींनी ब्रेक दाबला आन् गाडी सरळ रेषेत, जराबी न डगमगता, ट्रॉलीच्या हातभर अलीकडं थांबली. तृप्तीचा डबासुदिक मांडीवरून पडला न्हाई. मी पुढं वाकून दाजींच्या गाडीतले दिवे बघितले. एकबी पेटलेला न्हवता, आन् एकावरबी टिकली न्हवती. सोळा वर्षांची गाडी, आन् आत इतकी शांतता की तृप्तीचा श्वास ऐकू येत होता.

आठ वाजून सतरा मिनिटांनी आम्ही मैदानाच्या फाटकाशी होतो. तृप्ती उतरली, वाकून दाजींच्या पाया पडली. आत्याचे मालक म्हणून ती त्यांला मामा म्हणती. दाजींनी काळा हात तिच्या डोक्यावर न ठेवता वरच धरला, केस खराब होतील म्हणून, आन् म्हणले, सावकाश सुरू कर, शेवटी ओढ. ती आत पळाली. तिच्यामागं दहाच मिनिटांनी फाटक लागलं, आन् बाहेर राह्यलेली तीन पोरं त्या लोखंडाला धरून उभी राह्यली. मला तिकडं बघवलं न्हाई.

आत आईबापांला सोडत न्हाईत. मी कंपाउंडच्या भिंतीशी टाचा उंच करून बघत बसलो. जरा वेळानं मागं वळलो तर दाजी गायब. शोधत गेलो. पार तिकडं लिंबाच्या झाडाखाली त्यांनी गाडी लावली होती, बोनेट उघडं, आन् सोता चाकाचे नट आवळून राह्यले होते, घाईत बसवलेलं चाक म्हणून. बॅटरीची टोकंबी पुसायला घेतली होती. घरी अर्धं राह्यलेलं अमावस्येचं काम ते जालन्याला करून राह्यले होते. बंदोबस्ताचा एक हवालदार आला आन् आपुलकीनं इचारलं, काका, गाडी बंद पडली का?

"न्हाई," दाजी म्हणले, "चालू हाय म्हणून बघून राह्यलो."

हवालदार हसून गेला. मला हसू आलं न्हाई. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो आन् मनातलं सगळं एका दमात सांगून टाकलं, ते हिरवे थेंब, तो राग, ती टिकली. दाजी, माझ्यापायी तुमचा चाळीस वर्षांचा नेम मोडला, असंबी म्हणलं. तेव्हा दाजी पाना खाली ठेवून माझ्याकडं वळले आन् जितकं वर्षात बोलत न्हाईत तितकं एका वेळी बोलले.

म्हणले, तरणा होतो तेव्हा एका पेरणीच्या घाईत चांद्याच्या आधीचा एक बैल होता, त्याच्या मानेवर हात फिरवायचा राह्यला. आठ दिवस राह्यला. जुवाखाली जखम झालेली, वरून काही दिसंना, आन् बैल काही सांगत न्हाई. ऐन वाफशाला, पेरणीजोगी ओल असताना, औताच्या तासातच बसला, परत उठला न्हाई. "हात फिरवला असता तर बोटाला लागलं असतं रे," ते म्हणले. "अमावस्येला विसावा काहून द्यायचा? नडीच्या दिवशी त्यानं मान टाकू न्हाई म्हणून. आज नड होती. नेम कुठं मोडला?"

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले न्हाईत. धावड्याच्या साखरपुड्याला नड न्हवती, मिरवायची हौस होती, हे मला तिथं त्या लिंबाखाली बसून दोन वर्षांनी कळलं. दाजींनी गाडीतून एक फडकं काढलं आन् माझ्या हातात दिलं. मी डोळे पुसले, तर ते म्हणले, तेलाची कांडी पुसायला दिलं होतं.

दुपारी तृप्ती बाहेर आली. मैदानाची धूळ गुडघ्यापर्यंत, घामानं केस चिकटलेले, आन् कपाळावर ती टिकली जशीच्या तशी. आठशे मीटरला तिच्या गटात दुसरी आल्ती. मला मिठी मारायच्या आधी तिनं दाजींला सांगितलं, "मामा, शेवटी ओढलं." दाजी म्हणले, बराबर. मंग आम्ही तिघांनी गाडीच्या सावलीत बसून शेंगदाणे खाल्ले.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी टोचन लावून, ओढत कमरोद्दीनकडं गेली. त्यानं वीतभर लांबीचा एक काळा रबरी पाइप माझ्यासमोर धरला, त्याला केसाएवढी चीर. आधी आणली असती तर चहा पिऊस्तोवर बदलून दिला असता, म्हणला. आता इंजिनाचं डोकं उतरवावं लागलं, गाडी पंधरा दिवस त्याच्याकडं पडून. "हा बिचारा दोन महिने रडून राह्यला," कमरोद्दीन म्हणला, "आन् तुमी त्याच्या तोंडावर टिकली लावली." ही टिकलीची बातमी त्याला कोनी दिली ते मी इचारलं न्हाई. अक्काचा आन् त्याच्या घरच्या मैमूनाभाभीचा फोन रोज असतो.

लेखी परीक्षा झाली, यादी लागली, यादीत तृप्तीचं नाव होतं. मी दुकानात पेढे वाटले, कमरोद्दीनला दोन दिले. ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी पोरीनं बॅग भरली, आरशावर जपून ठेवलेली ती टिकली काढली आन् सैपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या अमावस्येच्या काळ्या गोलावर चिकटवली. मला म्हणली, पप्पा, आता ही झाकायला न्हाई, दिसायला हाय.

तवापासून दर महिन्याला सुरेखा ती टिकली उचलून पुढच्या अमावस्येवर लावती. मागच्या महिन्यात तिचा गोंद गेला, तर भाताच्या शितानं चिकटवली. उद्या अमावस्या हाय. दुकान दुपारपर्यंत बंद ठेवीन आन् गाडी आजच संध्याकाळी दाजींच्या गोठ्यात नेऊन लावीन, हौश्याच्या जागी. सकाळी ट्रेनिंगवरून तृप्तीचा फोन येईल. ती जेवलात का इचारत न्हाई, बरे हाय का इचारत न्हाई. पप्पा, बोनेट उघडलं का, एवढंच इचारती. मी उघडलं म्हणतो, आन् ते खरंच उघडलेलं असतं.